समजून घ्या : गाडीत चालणारे पेट्रोल घरी बांधलेल्या विमानात का चालत नाही?

कोल्हापूर : उसापासून बनणारे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. साखर कारखान्यांसाठी ही चांगली गोष्ट. पण स्वतः छोटे विमान बांधणाऱ्यांना टाकी निवडताना पहिला विचार याच इथेनॉलचा करावा लागतो.

घरी विमान बांधता येते?
हो. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. मात्र उड्डाणासाठी डीजीसीएची परवानगी लागते.

टाकी कशाची?
- अ‍ॅल्युमिनियम : हलकी आणि टिकाऊ. पण तळाशी पाणी साचले की गंजाचे बारीक खड्डे पडतात. कंपनांमुळे सांध्यातून गळती होऊ शकते.
- फायबरग्लास : पंखाच्या आकारात बसते. मात्र रेझिन इथेनॉलला टिकणारे नसेल तर ते मऊ पडते आणि त्याचे कण फिल्टरमध्ये अडकतात.
- प्लास्टिक : गंजत नाही. पण इंधनामुळे थोडी फुगते, म्हणून बसवताना मोकळी जागा ठेवावी लागते.

इथेनॉलचा धोका काय?
ते ओलावा शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले किंवा तापमान उतरले की पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तिथूनच निघते. छोट्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनासाठी कंपनीने १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केले आहे. विमानांसाठीचे निळसर ‘एव्हगॅस १०० एलएल’ इथेनॉलमुक्त असते.

इथेनॉल आहे हे कसे ओळखावे?
काचेच्या उभ्या नळीत थोडे पाणी घेऊन पातळीवर खूण करा. त्यावर पेट्रोल ओता, बूच लावून हलवा आणि थांबा. खालच्या पाण्याची पातळी खुणेच्या वर गेली, तर पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे.

देखभाल कशी?
- प्रत्येक दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि इंधन भरल्यावर टाकीच्या सर्वांत खालच्या झडपेतून नमुना काढून पाणी, कचरा पाहा.
- हवेची नळी तपासा. कुंभारमाशीने त्यात मातीचे घर केले, तर टाकीत हवा शिरत नाही आणि इंधन येणे थांबते.
- पावसाळ्यात टाकी अर्धवट रिकामी ठेवू नका. आत दव धरते.
- रबरी नळ्या, फिल्टर ठरल्या मुदतीत बदला.

गाडी बंद पडली तर ती रस्त्याकडेला घेता येते. उड्डाणानंतर काहीशे फुटांवर इंजिन थांबले, तर वैमानिकाच्या हातात काही सेकंदच असतात.