परिचारिकेचे निदान

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी पहूर हे गाव वसले आहे. आसपासचा मुलूख कपाशीचा. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत तेथील रुग्णालयात जुलाब-उलट्यांनी गळून गेलेला एखादा शेतमजूर दाखल झाला, असे समजू. डॉक्टर केसपेपरवर 'गॅस्ट्रोएंटेरायटिस' असे निदान लिहितात. त्याच खाटेशी नर्सिंगची एखादी विद्यार्थिनी केअर प्लॅनचा कोरा तक्ता घेऊन उभी असेल, तर तिची अडचण नेमकी तेथून सुरू होते. डॉक्टरांचेच निदान तिने उतरवून चालत नाही. 'सलाईन आवश्यक' असेही लिहून भागत नाही. तो उपचार झाला, निदान नव्हे.

वैद्यकीय निदान रोगाचे नाव सांगते. परिचर्या-निदान त्या रोगाने या विशिष्ट माणसाचे काय बिघडवले आणि त्यातले शुश्रूषेने काय सावरता येईल, हे सांगते. अमेरिकेत सेंट लुईस येथे 1973 साली भरलेल्या परिषदेपासून अशा निदानांची पद्धतशीर यादी होऊ लागली. आज त्या यादीत अडीचशेहून अधिक निदाने आहेत. विद्यार्थिनीने त्यांतून निवड करावयाची, त्यामागचे कारण द्यावयाचे आणि रुग्णाच्या अंगावर दिसणारा पुरावाही मांडावयाचा. प्रस्तुत रुग्णाच्या बाबतीत 'शरीरातील द्रवाची तूट' हे निदान. जुलाब व उलट्या हे कारण. कोरडी जीभ, जलद नाडी, घटलेली लघवी हा पुरावा. उठताना चक्कर येते म्हणून 'पडण्याचा धोका' हे दुसरे निदान. तो अद्याप पडलेला नाही, म्हणून येथे पुराव्याऐवजी धोक्याची कारणे लिहावयाची.

प्रत्यक्षात मात्र हा क्रम बहुधा उलटा चालतो. आधी पुस्तकातून निदान उचलले जाते आणि मग त्याला शोभेल असा पुरावा रुग्णाकडे शोधला जातो. 'चिंता' आणि 'माहितीचा अभाव' ही दोन निदाने विशेष लोकप्रिय, कारण ती कोणत्याही रुग्णाला चिकटवता येतात आणि परीक्षकालाही ती सहसा खोडता येत नाहीत.

यात भाषेचाही एक सापळा आहे. रुग्ण म्हणतो, 'जीव घाबरा होतोय.' यादी इंग्रजीत, पाठ्यपुस्तक इंग्रजीत. विद्यार्थिनी या वाक्याचे भाषांतर करते आणि 'अँग्झायटी' लिहून मोकळी होते. परंतु आपल्याकडे घाबरा झालेला जीव म्हणजे भीतीच असते असे नाही. रक्तदाब उतरला, रक्तातील साखर घसरली, श्वास कोंडला, तरी माणूस हेच शब्द उच्चारतो. अशा वेळी धीराचे चार शब्द बोलणारी परिचारिका वाईट नव्हे. पण तिने आधी नाडी धरावयास हवी होती.

निवड म्हणजे काहीतरी सोडून देणे. दहा निदाने लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने वस्तुतः निवड केलेलीच नसते. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. ते कागदोपत्री पाळले गेले तरी तिचा वेळ पाच वाट्यांत विभागला जातो. मग पहिल्या तासात कोणाचे काय करावयाचे हे कोणी तरी ठरवलेले असले पाहिजे. 'वॉर्डात हे तक्ते वाचतो कोण?' हा अनुभवी परिचारिकांचा प्रश्न खोटा नाही. फायलीत गुण मिळवून कपाटात जाणारा तक्ता कोणीच वाचत नाही. पण रात्रपाळीच्या परिचारिकेला उठताना चक्कर येणारा रुग्ण कोणता, हे ठाऊक नसेल, तर तो शौचास एकटाच उठून जाईल.

याच मजुराची आणखी एक अडचण आहे. त्याला दुसऱ्याच दिवशी घरी जावयाचे असते, कारण खाटेवर गेलेल्या दिवसाची मजुरी मिळत नाही. उपचार अर्धवट सुटण्याची ही शक्यता त्याच्या कोरड्या जिभेइतकीच खरी आहे. मात्र ती पुस्तक चाळून सापडावयाची नाही. खाटेशेजारी बसून 'घरी कमावणारे आणखी कोण?' असे विचारल्यावरच ती कळते.

तेव्हा परीक्षकांनी तक्त्यातील निदानांची संख्या मोजण्यापेक्षा विद्यार्थिनीला दोनच प्रश्न विचारावेत: कोणते निदान तू वगळलेस, आणि का? आणि पाळी बदलताना होणाऱ्या तोंडी निरोपात तिचा तक्ता वॉर्डातच वाचून घ्यावा. एवढ्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.