नकाशा आधी जुळवा, मग वाचा

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही जानापावच्या डोंगरावर गेलो होतो. एका तुकडीला उतरून ज्या गावी जायचे ते नकाशात उजव्या हाताला दिसत होते, म्हणून मुले उजवीकडे वळली. परंतु त्यांची तोंडे दक्षिणेला होती! पाऊण तास उलट चालणे झाले, पाणीही संपले.

चूक मुलांची म्हणवत नाही. वर्गात नकाशा भिंतीवर टांगून ‘वर उत्तर’ असे आम्हीच घोकून घेतो. मैदानात ‘वर’ म्हणजे आकाश.

बाहेर गेल्यावर नकाशा जमिनीवर आडवा पसरावा. होकायंत्राची (आमच्या हिंदी शाळेत याला ‘दिक्सूचक’ म्हणत) कड नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेघेला लावावी आणि सुई त्या रेघेशी जुळेपर्यंत नकाशा यंत्रासकट फिरवावा. मोबाइल व चाव्या दूर असाव्यात. इंदूरकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, तो सोडून द्यावा. अक्षरे उलटी दिसली तरी नकाशा सुलटा करू नये. मुलांना मोह होतो तो इथेच. वाट वळली तर आपण वळावे, नकाशाचे तोंड उत्तरेलाच राहावे.

यंत्र नसल्यास समोरचे देऊळ, तलाव नकाशाशी जुळवावेत. हिवाळ्यात भर दुपारची सावली उत्तर दाखवते. मात्र कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, म्हणून २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीची इवलीशी सावली दक्षिणेला पडते.

पालकांनी येत्या रविवारी गच्चीवर शहराचा नकाशा पसरावा आणि राजवाडा कोणीकडे, ते मुलांना बोटाने दाखवायला सांगावे.