हार्ड डिस्क बदलताना

घड्याळ बंद पडले की घड्याळजीकडे जावे, सायकलचे चाक बसले की पंक्चरवाल्याकडे जावे आणि लॅपटॉप मंदावला की ‘आता नवाच घ्या’ असे सांगणाऱ्याचे ऐकावे, ही आपली सर्वसाधारण रीत आहे. त्यातून आपण कला शाखेचे. यंत्राच्या पोटात हात घालणे हे आपले काम नव्हे, असे आपणच आधी ठरवून टाकलेले असते. परंतु आपली टिपणे, प्रकल्प, मुलाखती, घरचे फोटो, एवढेच काय, या वार्षिकाचा मजकूरदेखील आज त्याच पोटात राहतो. तेव्हा ते पोट कसे असते, ते बिघडते कसे आणि दुरुस्त कसे होते, हे मराठी, इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असावयास हवे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या विभागाच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलून त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवण्याचे काम माझ्याकडे आले. लॅपटॉप २०१६ सालचा. सुरू होण्यास तो सात-आठ मिनिटे घेई आणि मध्येच आतून ‘टक्… टक्’ असा आवाज येई. त्यात जुन्या वार्षिकांच्या फाइली होत्या आणि आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ओव्या म्हणणाऱ्या आज्यांपैकी काहीजणी आता हयात नाहीत. म्हणजे विभागापुढील प्रश्न एका यंत्रापुरता नव्हता.

फिरणारी चकती

हार्ड डिस्क ही कल्पना तशी जुनी. आयबीएम कंपनीने १९५६ साली ‘रॅमॅक’ नावाचा संगणक आणला. त्याच्या साठवणयंत्रात चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक फिरत असत. ते एखाद्या मोठ्या कपाटाएवढे होते व त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क तळहातावर राहते, पण तिची मूळ रीत तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत चकती फिरत असते व तिच्यावरून एक वाचक-टोक सरकत असते. बहुतेक लॅपटॉपमधील चकती मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. टोक आणि चकती यांच्यात अंतर असते अवघे काही नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. धक्का बसला, टोक चकतीला घासले, की तेवढ्या जागेवरचे लेखन गेले.

हिच्या जागी आता एसएसडी बसवतात. तिच्यात फिरणारे काहीच नसते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनातून पुढे आलेल्या ‘फ्लॅश’ स्मृतीवर ती चालते. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवायचा, हे तिचे तत्त्व. फिरत्या चकतीवर हवी ती जागा टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे साडेपाच सहस्रांश सेकंद, नुसते थांबावे लागते; टोक सरकण्याचा वेळ निराळाच. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना अशी वाट हजारो वेळा पाहावी लागते. एसएसडीत हे थांबणे जवळजवळ नाहीसे होते. म्हणूनच जुना लॅपटॉप केवळ डिस्क बदलल्याने तरतरीत होतो. प्रोसेसर बिचारा पूर्वीही ताठ बसून वाटच पाहत होता!

आधी प्रत, मग पाना

डिस्क आजारी असल्याची लक्षणे सांगून ठेवते. टकटक आवाज, फाइल उघडताना यंत्र गोठून बसणे, अचानक ‘फाइल वाचता येत नाही’ अशी सूचना. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेत ठेवत असते व ती दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात. निकामी म्हणून बदललेल्या सेक्टरांचा आकडा त्यात वाढत चालला असेल, तर ते डॉक्टरचे शेवटचे बोलावणे समजावे.

अशा वेळी पहिले पथ्य असे, की आजारी डिस्कवर नवे काहीही लिहू नये. विंडोजचा ‘चेकडिस्क’ चालवावा, असा सल्ला हमखास मिळतो. परंतु तो दुरुस्ती करता करता डिस्कवर लिहितो आणि तिला दमवतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपायही कोणी सुचवतात. तो मुळीच करू नये. आत दव धरते. टकटक सतत चालू असेल आणि मजकूर अमोल असेल, तर यंत्र बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे जाणे बरे. तो खर्च मात्र मोठा असतो.

आमच्या डिस्कचा आवाज अधूनमधून होता. मी लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार केला. लिनक्सची सोय अशी, की लॅपटॉपवर काहीही न बसवता ती थेट पेनड्राइव्हवरून चालते व जुन्या डिस्ककडे केवळ वाचण्यापुरते पाहता येते. अगोदर ओव्यांचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतला. सर्वांत मोलाचे ते सर्वांत आधी. नंतर ‘डीडीरेस्क्यू’ या मोफत प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रत काढली. हा प्रोग्राम मोठा शहाणा आहे. वाचता येईल तो भाग तो प्रथम भराभर उचलतो, अडेल तिथे हटून बसत नाही आणि राहिलेल्या जागांकडे शेवटी पुन्हा वळतो. कुठवर आलो याची नोंद ठेवत असल्यामुळे काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येते. आम्हाला दोन दिवस लागले. एक्केचाळीस ध्वनिमुद्रणांपैकी एकोणचाळीस संपूर्ण मिळाली. दोन मिळाली नाहीत. त्यांतील एका आजींकडे पुन्हा जाता येईल. दुसऱ्या आजी गेल्या.

येथे एक सूचना. अलीकडच्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क आपोआप सांकेतिक रूपात कुलूपबंद झालेली असू शकते. अशी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर ४८ अंकी किल्ली मागते. ती सामान्यतः मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. पाना हाती घेण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी.

पाठ उघडणे

प्रत्यक्ष डिस्क बदलणे हा या साऱ्यातील सर्वांत सोपा भाग आहे. आधी आपल्या लॅपटॉपला कोणती डिस्क लागते हे पाहावे. जुन्या यंत्रांत अडीच इंची साटा डिस्क असते. नव्यांत बहुधा एम.२ ही च्युइंगगमच्या पट्टीसारखी पट्टी असते, साधारणतः २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब. एम.२ मध्येही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरे चालेलच असे नाही. काही अतिपातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डलाच डाख देऊन बसवलेली असते. तेथे आपला इलाज नाही.

नवी ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नये. कारखानदार १०० कोटी बाइटांचा एक जीबी धरतो आणि विंडोज १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटांचा. शेर आणि किलो यांच्यासारखाच हा मापांचा घोळ आहे.

चार्जर काढावा, यंत्र पूर्ण बंद करावे, टेबलावर मऊ कापड पसरावे. अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून एखाद्या रंग न दिलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो आतला भाग फोडतो. झाकण निघेना तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. जुने एटीएम कार्ड कडेने फिरवले की खटके सुटतात. उघडताच प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. मग जुनी डिस्क तिच्या चौकटीसह बाहेर सरकवावी, चौकट नव्या डिस्कला लावावी व ती सरळ आत बसवावी. जोर लागत असेल तर काहीतरी तिरके आहे असे समजावे. मला या कामास चाळीस मिनिटे लागली. सवयीच्या माणसाला दहा पुरतील.

नवा कारभारी

रिकामी डिस्क म्हणजे रिकामे घर. तेथे कारभार पाहण्यास ऑपरेटिंग सिस्टिम हवी. आमच्या लॅपटॉपवर विंडोज १० होती आणि तिला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व बहुतांशी आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. म्हणून विभागप्रमुख बाईंच्या संमतीने मी लिनक्स मिंट बसवली. ती मोफत आहे, जुन्या यंत्रावर चांगली चालते, तिच्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे व लेखनासाठी लिब्रेऑफिस आहे.

ज्यांचे यंत्र नव्या विंडोजला पात्र असेल त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या साधनाने निदान आठ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्यातील आधीचे सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. यंत्र सुरू करताना एफ-२, एफ-९, एफ-१२ किंवा एस्केप यांपैकी कंपनीनुसार जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात करावी. परवान्याची काळजी बहुधा नसते. मूळ परवाना मदरबोर्डशी निगडित असतो. त्यामुळे ‘किल्ली नाही’ असे सांगून पूर्वीचीच आवृत्ती निवडली की इंटरनेट जोडल्यावर ती मान्य होते. काही इंटेल यंत्रांवर बसवताना डिस्क दिसतच नाही. ती मेलेली नसते. तिचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून आणून द्यावा लागतो. जुनी डिस्क या वेळी जोडलेली नसावी, म्हणजे चुकून ती पुसली जाण्याची भीतीच उरत नाही.

वाचले, पण वाचता येईना

एवढे झाल्यावर फाइली परत आणल्या आणि खरा प्रश्न पुढे आला. जुन्या वार्षिकांचे लेख उघडले तर मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची खिचडी! फाइल सुरक्षित होती, फॉन्ट नव्हता.

कारण असे. पूर्वी आपल्याकडे बहुतेक मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत होई. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच. मराठी दिसे ती केवळ फॉन्टच्या कृपेने. फॉन्ट राहतो ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरात. ते घर मोडून नवे बांधले की फॉन्ट गेला आणि मराठीही गेली. युनिकोडची गोष्ट निराळी. तेथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. षोडशमान पद्धतीत ‘क’चा क्रमांक ०९१५. यंत्र कोणतेही असो, ‘क’ तो ‘क’च. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे व विंडोज २००० पासून ती ‘मंगल’ फॉन्टसह सामान्य संगणकावर आली. तरीही कित्येक छापखाने व कचेऱ्या जुन्या फॉन्टांवरच राहिल्या.

आम्ही डिस्कची संपूर्ण प्रत काढली होती, म्हणून विंडोजच्या फॉन्ट-फोल्डरातून तो फॉन्ट शोधून लिनक्सवर बसवता आला आणि लेख पुन्हा मराठीत बोलू लागले. आता ते रूपांतरक प्रोग्रामने युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे. रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरे येथे रूपांतरक अडखळतो. प्रत्येक पान माणसाने तपासावे लागते. या कामाला आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांइतके योग्य कोण? मराठीत ‘वाचणे’ या एका क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: तगून राहणे आणि वाचन करणे. मजकुराच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ एकदम साधावे लागतात.

काय करावे

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे दुःख नवे नाही. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि ते पुढे स्मरणाच्या आधाराने पुन्हा सिद्ध करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते. अनेक पाठ निर्माण झाले ते त्यातूनच. त्या काळी पाठांतर करणारी माणसे तरी होती. आपल्या फाइली कोणाला पाठ आहेत?

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात; त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुना असेल तर फॉन्टचे नाव फाइलच्या नावातच लिहावे व फॉन्टची प्रत तिच्याशेजारी ठेवावी. काढलेली डिस्क काही महिने लेबल लावून जपावी आणि टाकायची वेळ आली की पुसून अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले ई-कचऱ्याचे नियम त्यासाठीच आहेत.

आमच्या विभागात आता प्रत्येक सत्राच्या शेवटी दोन विद्यार्थी या प्रती तपासतात व वहीत तारीख घालून सही करतात. इतर विभागांनीही अशी एक वही घालावी. तिला खर्च काहीच नाही. सत्रातून एक दुपार पुरते.