रंगाचा जोड

नवं कपाट खोलीत लागतं, आठ-दहा दिवस कौतुक होतं, आणि मग एका संध्याकाळी तिरप्या उजेडात दारावर गडद पट्टे दिसू लागतात. पॉलिशवाल्याला बोलावलं की तो म्हणतो, "लाकूडच तसं आहे." बहुतेक वेळा लाकूड निर्दोष असतं.

आपल्याकडे व्हिनिअरवर रंग चढवायची रूढ रीत स्पिरिटची. पुडीतला रंग स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कपड्याच्या बोळ्याने रेषांच्या दिशेने ओढायचा. या पुडीचं मूळ लंडनमध्ये सापडतं. 1856 साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांपासून क्विनिन करायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. तिथून सुरू झालेले कृत्रिम रंग आधी कापडावर, मग लाकडावर आले. तैलरंगासारखा या रंगाचा पापुद्रा धरत नाही. तो तंतूंत मुरतो, म्हणून रेषा झाकल्या जात नाहीत. आणि म्हणूनच चूकही नुसती पुसून जात नाही.

पट्टा पडतो तो घाईने सुकण्यामुळे. स्पिरिट भराभर उडतं. मे महिना, डोक्यावर पंखा, समोर सात फुटी दार; शेजारचा पट्टा ओढायला हात यावा तोवर आधीच्या पट्ट्याची कड सुकलेली असते. ओल्या कडेला ओला रंग भिडला तर दोन्ही एकजीव होतात. सुकलेल्या कडेवर चढला, तर तेवढ्या जागी रंगाचे दोन हात बसतात आणि गडद जोड दिसतो.

मुरलेला कारागीर आधी पंखा बंद करतो. रंग पातळ कालवतो, कारण एका दाट हातापेक्षा दोन फिके हात बरे. जोड आला तरी फरक कमी दिसतो. बोळा मोठा आणि ओलाचिंब घेतो आणि मध्ये न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो. दार उभंच असेल तर खालून वर जातो. ओघळ कोरड्या लाकडावर उतरला तर त्याची खूण राहते, ओल्यावर तो मिसळून जातो. लाकडाचं कापलेलं टोक जास्त रंग पितं, म्हणून तिथे आधी बारीक काचकागद किंवा पातळ लाखेचा हात.

पण माझं मत विचाराल तर स्पिरिटच सोडावं. पाण्यात विरघळणारा रंग सावकाश सुकतो. अख्खं दार भिजवून मग पिळलेल्या फडक्याने जादा रंग टिपता येतो. पाण्याने लाकडाचे रोम उठतात ही त्याची खोड. त्यावर उपाय असा: आधीच ओलं फडकं फिरवायचं, रात्रभर वाळू द्यायचं आणि 220 नंबरच्या कागदाने हलकेच घासायचं. या ओल्या हातात सांडलेल्या फेव्हिकॉलचे डागही फिके दिसून पकडले जातात. शिवाय वरचं चपडा लाखेचं पॉलिश असतं स्पिरिटमधलंच. ते खालचा स्पिरिटचा रंग उचलतं, बोळा लाल होतो आणि दारावर नव्याने फराटे उमटतात. पाण्यातला रंग सहसा जागचा हलत नाही.

तरी स्पिरिट चालतंच, कारण मजुरी चौरस फुटावर ठरते आणि वाळवणीच्या रात्रीचे पैसे कोणी देत नाही. तेव्हा काम देताना एक दिवस जादा धरा. त्याच व्हिनिअरच्या तुकड्यावर, पॉलिशसकट, नमुना मागा. सुकलेला नुसता रंग फिका आणि निस्तेज दिसतो, त्यावरून खरी छटा कळत नाही.