पडद्यावरचे सोबती (भाग ९) : संशय घेणारा मित्र

मागच्या भागात आपण 'रात्रीस खेळ चाले'मधल्या पांडूकडे पाहिले. प्रल्हाद कुडतरकरांनी तो रंगवला आणि मालिकेचे लेखनही केले, त्यामुळे त्याच्या विसरभोळेपणात एक जाणतेपणा होता. पण पांडूची निष्ठा प्रश्न विचारत नाही. नाइकांच्या वाड्यात काहीही घडो, तो वाड्याला धरून राहतो. आज त्याच्या अगदी उलट टोकाचा सोबती घेऊ. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या अमेरिकन मालिकेतला ल्यूकस सिंक्लेअर हा तो पोरगा. त्याला पहिल्याच हंगामात प्रेक्षकांनी भांडखोर ठरवले, आणि पुढेही तो माइक, डस्टिन, इलेव्हन यांच्या मागेच उभा राहिला. माझे म्हणणे असे की या मालिकेतला सर्वांत निष्ठावान पोरगा तोच आहे. संशय घेत असूनही तो निष्ठावान राहिला असे नव्हे. संशय घेतो म्हणूनच त्याची निष्ठा कामाची ठरते.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉकिन्स हे इंडियाना राज्यातले काल्पनिक गाव, साल १९८३. नोव्हेंबरातल्या एका रात्री विल नावाचा बारा वर्षांचा मुलगा सायकलवरून घरी जाताना गायब होतो. गावाबाहेर कुंपणाआड एक सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथे एका भलत्याच जगाचे दार उघडले आहे आणि त्यातून एक राक्षसी प्राणी बाहेर पडला आहे. त्याच प्रयोगशाळेतून पळालेली, डोक्याचे केस भादरलेली, मनाच्या जोरावर वस्तू हलवणारी मुलगी विलच्या मित्रांना, म्हणजे माइक, डस्टिन आणि ल्यूकस यांना, जंगलात सापडते. तिचे नाव इलेव्हन. १५ जुलै २०१६ रोजी नेटफ्लिक्सवर आलेली ही कथा पाच हंगामांनी आणि ४२ भागांनी २०२५ च्या अखेरच्या दिवशी संपली. हिंदीतही ती उपलब्ध आहे, तेव्हा भंडाऱ्यातल्या घराघरांतल्या पोरांना वेक्ना हा त्यातला खलनायक कोण हे सांगायची गरज नाही. आणि कुंपणाआडची सरकारी जागा ही गोष्ट तर आपल्याला मुळीच परकी नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत काय चालते ते तिथे कामाला जाणाऱ्यांखेरीज इतरांना फारसे कळत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या स्फोटात आठ जण गेले, तेव्हा आत किती धोक्याचे काम चालते हे बाहेरच्यांना उमगले. हॉकिन्सच्या गोष्टीतली भुते खोटी आहेत. फाटकाबाहेर राहणाऱ्यांचे न कळणे मात्र खरे आहे. ल्यूकसचे वेगळेपण इथूनच सुरू होते, कारण ते कुंपण जाऊन पाहायला हवे हे त्या टोळीत पहिल्यांदा त्याला सुचते.

पहिल्या हंगामातला पुरावा नीट पाहू. इलेव्हन सापडताच माइक तिला आपल्या घराच्या तळघरात लपवतो. डस्टिनला तिच्या शक्तीचे अप्रूप. ल्यूकस मात्र एकच गोष्ट धरून बसतो: आपण विलला शोधायला निघालो होतो. पाचव्या भागात पोरे होकायंत्रे घेऊन त्या दाराच्या शोधात रेल्वेरुळांवरून चालत जातात. सुया भलतीकडे फिरू लागतात. प्रयोगशाळेच्या भीतीने इलेव्हनच त्या सुया मनाने फिरवत असते. हे कोणाच्या लक्षात येते? ल्यूकसच्या. तिच्या बाहीवर नाकातले ताजे रक्त पुसलेले त्याला दिसते. शक्ती वापरली की तिच्या नाकातून रक्त येते हे एव्हाना सर्वांना ठाऊक असते, पण बाहीकडे बघतो तो एकटाच. मग तो आणि माइक हातघाईवर येतात, इलेव्हन ल्यूकसला दूर भिरकावते, तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर आल्यावर तो कोणाशी न बोलता निघून जातो. दुसऱ्या दिवशी डस्टिन समेटाचा प्रस्ताव आणतो, कारण टोळीच्या नियमानुसार ज्याने आधी हात उगारला त्याने आधी हात पुढे करायचा. माइक हात पुढे करतो. ल्यूकस अट घालतो: त्या मुलीला सोडा आणि विलला शोधायला चला. अट मान्य होत नाही. मग तो कपाळाला पट्टी बांधून, दुर्बीण आणि होकायंत्र घेऊन सायकलने एकटाच जातो, सुईच्या मागे मागे थेट प्रयोगशाळेच्या कुंपणापर्यंत. झाडावर चढून पाहतो तर गाड्यांचा ताफा बाहेर पडतो आहे. ते लोक माइकच्या घराकडे निघाले आहेत हे त्याला उमगते, आणि ज्याच्याशी कालच मारामारी झाली त्यालाच तो वॉकीटॉकीवरून ओरडून सावध करतो.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो. मित्रांना सोडून एकटा निघून गेला तो निष्ठावान कसा? शिवाय एका छळ सोसलेल्या पोरीशी तो तुसडेपणाने वागला. दुसरा भाग मला मान्य आहे. तो तिला विचित्र म्हणून हिणवतो, आणि पुढे तिची माफी मागतो तेव्हा ती माफी त्याच्याकडून देणे होतीच. पण पहिला भाग टिकत नाही. माइकची निष्ठा ज्या क्षणी समोर आलेल्या माणसाकडे वळली, त्या क्षणी हरवलेल्या विलची बाजू घेणारे कोणी उरले नव्हते. विल समोर नव्हता. बोलू शकत नव्हता. गावाच्या लेखी तर त्याचे प्रेतही सापडले होते. गैरहजर मित्राच्या वतीने हजर मित्रांशी भांडणे सोपे नसते, आणि ल्यूकसने ते केले. शिवाय त्याचा संशय खरा निघाला. इलेव्हन वाट चुकवत होती. तिचे कारण समजण्यासारखे होते हे आपल्याला नंतर कळते. त्या रुळांवर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या पोराला ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

प्रेक्षकांनी मात्र हिशेब वेगळा केला. ल्यूकसची भूमिका करणारा केलेब मॅकलॉफ्लिन २०२२ मध्ये बेल्जियममधल्या चाहत्यांच्या मेळाव्यात जाहीरपणे बोलला. पहिल्याच अशा मेळाव्यात त्याच्या रांगेत लोक कमी होते, आणि 'तू इलेव्हनशी वाईट वागलास' हे कारण त्याला तोंडावर सांगितले गेले. वर्षे उलटली तरी चौघांत त्याचेच चाहते सर्वांत कमी, याला आपला काळा रंग कारणीभूत आहे असे त्याने तिथे स्पष्ट म्हटले. त्याला हे पोरवयात सोसावे लागले, कारण तो २००१ चा जन्मलेला. हे प्रकरण मी अभिनेत्याच्या सहानुभूतीसाठी सांगत नाही. संशय घेण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे मिळत नाही, याचा हा पुरावा आहे. त्याच मालिकेत पोलीसप्रमुख हॉपर सर्वांवर गुरकावतो, माइक तर तिसऱ्या हंगामात इलेव्हनशी खोटे बोलतो. त्यांना रागीट, हळवा, गोंधळलेला अशी समजुतीची विशेषणे मिळतात. ल्यूकसला मिळाले ते 'वाईट'.

इथे या मालिकेच्या गतकाळाच्या ओढीचा प्रश्न येतो. मॅट आणि रॉस डफर हे निर्माते जुळे भाऊ १९८४ साली जन्मले; म्हणजे ज्या वर्षांची हुरहुर ते विकतात त्या वर्षांत ते पाळण्यात होते. त्यांची ओढ प्रत्यक्ष आठवणींपेक्षा चित्रपटांतून आलेली आहे, आणि 'ई. टी.'पासून 'स्टँड बाय मी'पर्यंत त्या चित्रपटांतल्या पोरांच्या टोळ्यांत ल्यूकससारखा पोरगा जवळजवळ नसेच. त्याला टोळीत घेतले की आठवणींच्या गोडव्यात खडा लागणारच. दुसऱ्या हंगामात तो लागतो, आणि मालिकेतला हा मला सर्वांत हुशार वाटणारा लहान प्रसंग आहे. १९८४ ची हॅलोविन. चौघे जण त्याच वर्षी गाजलेल्या 'घोस्टबस्टर्स'मधल्या भूतपकड्यांचे पोशाख घालून शाळेत येतात. माइक आणि ल्यूकस दोघांच्याही छातीवर व्हेंकमन हेच नाव! माइकचे म्हणणे, तू विन्स्टन व्हायचे ठरले होते. विन्स्टन हा त्या चित्रपटातला एकमेव काळा भूतपकड्या. ल्यूकस म्हणतो, विन्स्टन कोणालाच व्हायचे नसते. तो उशिरा आला, विनोदी नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. मग तूच का नाही होत, असे तो विचारतो तेव्हा माइकची जीभ अडखळते. 'तू काळा नाहीस म्हणून?' असे शेवटी ल्यूकसलाच विचारावे लागते. भांडण मिटत नाही, नुसते मागे पडते, आणि ल्यूकस टोळीतच राहतो. ज्याला त्या टोळीत जागा आयती मिळते आणि ज्याला ती आधीच नेमून दिलेली असते, त्यांच्या निष्ठेचे मोल एकच कसे धरायचे?

चौथ्या हंगामात हाच धागा सर्वांत घट्ट होतो. मार्च १९८६. ल्यूकस शाळेच्या बास्केटबॉल संघात गेला आहे. रोज टोमणे खायचा त्याला कंटाळा आला आहे. अजिंक्यपदाचा सामना आणि मित्रांच्या ड्रॅगनवाल्या खेळाचा शेवटचा डाव एकाच रात्री येतात. मित्र सामना बघायला येत नाहीत, तो डावाला जात नाही, त्याच्या जागी धाकटी बहीण एरिका बसते. इकडे तिचा फासा वीसवर थांबतो, तिकडे त्याचा शेवटचा चेंडू जाळीत पडतो. दोन्हीकडे जल्लोष, आणि ल्यूकसच्या जल्लोषात त्याचे एकही माणूस नाही. दुसऱ्या दिवशी चीअरलीडर क्रिसीचे प्रेत सापडते, आणि संघाचा कर्णधार जेसन त्या खेळाचा म्होरक्या एडी याला सैतानाचा हस्तक ठरवून त्याच्या मागे लागतो. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात अशा खेळांवर सैतानपूजेचे आळ खरोखर घेतले जात. आपल्याला तर त्यासाठी इंडियानापर्यंत जायला नको. झाडीपट्टीत जादूटोण्याच्या नुसत्या संशयावरून माणसाला मारहाण झाल्याच्या बातम्या अजून येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यावर राज्याने आधी अध्यादेश आणि त्याच वर्षी कायदा केला, तरीही येतात. अशा वेळी जमावात उभ्या असलेल्या, पण आरोप खोटा आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने काय करायचे, हा आपला प्रश्न आहे.

ल्यूकस काय करतो? तो जेसनच्या टोळीला चुकीच्या ठिकाणी नेतो आणि संधी मिळताच निसटून मित्रांना धोका कळवतो. त्याने पहिल्यांदाच जेसनच्या तोंडावर नकार द्यायला हवा होता, असे म्हणणारे म्हणतील. मला ते घरात बसून दिलेले मत वाटते. हॉकिन्ससारख्या गोऱ्या गावात चिडलेल्या खेळाडूंच्या घोळक्यात एकटा काळा पोरगा उघड नकार देऊन एडीला वाचवू शकला नसता. वाट चुकवून त्याने थोडा वेळ तरी मिळवून दिला. इलेव्हनने रुळांवर नेमके हेच केले होते, आणि तेव्हा चिडला होता तो ल्यूकसच. उघड नकाराची वेळ पुढे येते, जेव्हा क्रील हाउस या ओसाड घरात जेसन पिस्तूल रोखतो आणि वेक्नाच्या तावडीतल्या मॅक्सला, ल्यूकसच्या मैत्रिणीला, गाण्याच्या जोरावर वाचवू शकणारा वॉकमन पायाखाली चिरडतो. तिथे ल्यूकस लढतो, जिंकतो, आणि तरी हरतो. मॅक्स त्याच्या हातांवर मरते, इलेव्हन तिचे हृदय पुन्हा चालू करते, पण ती शुद्धीवर येत नाही. पुढच्या दृश्यात तो दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून तिला स्टीफन किंग आणि पीटर स्ट्रॉब यांची 'द टॅलिसमन' वाचून दाखवत असतो. तिला ऐकू येते की नाही, हे त्याला ठाऊक नाही.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण खोडू शकत नाही. हे सगळे मान्य केले तरी लेखकांनीच त्याला दुय्यम ठेवले, मग आपण त्याला नायक का म्हणावे? खरे आहे. तिसरा हंगाम घ्या: अर्धा वेळ ल्यूकसला प्रेमात पडलेल्या माइकला चुकीचे सल्ले देण्यापुरतेच ठेवले आहे. पण त्याच हंगामाच्या अखेरीस स्टारकोर्ट मॉलमधल्या त्या अवाढव्य राक्षसावर फटाके फेकायची युक्ती त्याचीच, जशी पहिल्या हंगामात डेमोगॉर्गनवर, म्हणजे त्या दारातून आलेल्या प्राण्यावर, गुलेल ताणून उभे राहण्याची हिंमत त्याची. त्याला वेळ कमी मिळाला, पण मिळालेल्या वेळात तो कधी हातावर हात ठेवून बसला नाही.

राहिला शेवटचा, आपल्या मातीतला आक्षेप. मराठी मनाला निष्ठा म्हटली की बाजीप्रभू आठवतात; खिंड लढवणारा माणूस शंका विचारत बसत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, दिवसा दंडार आणि रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडलेले नाटक पहाटेपर्यंत चालते, तिथेही जीव देणारा मित्र दिसला की टाळ्या पडतात. त्या टाळ्या चुकीच्या नाहीत. पण बाजीप्रभूंच्या घोडखिंडीत शत्रू कोण आणि विशाळगड कुठे हे स्पष्ट होते. जिथे शत्रू दिसत नाही, अफवा खरी की खोटी कळत नाही आणि जवळचे मित्रच दोन दिशांना ओढतात, तिथे न विचारणारी निष्ठा जेसनसारख्याच्या मागेही तितक्याच सहज चालत जाते. जेसनच्या संघातली पोरे एकनिष्ठच होती.

ज्यांना ४२ भाग पाहण्याइतका वेळ नाही त्यांनी पहिल्या हंगामाचा सहावा आणि चौथ्या हंगामाचा पहिला भाग तरी पाहावा, आणि पाहताना नजर माइकवरून काढून त्याच्या शेजारच्या पोरावर ठेवावी. पुढच्या आठवड्यात चांदोबातला विक्रम राजा, जो दरवेळी मौन मोडतो आणि दरवेळी पुन्हा झाडाकडे जातो.