फेकलेल्या मासळीतील प्रथिन

एका जैन डॉक्टराने मासळीवर लिहावे याचे आपल्याला नवल वाटेल. मी मासळी खात नाही. पण माझे अनेक रुग्ण खातात, आणि माझ्याच औषधपेटीतील सेपिया माकुळाच्या शाईपासून, तर कल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्यापासून तयार होते. तेव्हा हा विषय माझ्या उंबरठ्याबाहेरचा आहे, असे मला म्हणता येत नाही.

कोळंबी सोलली की डोके आणि कवच मिळून तिच्या वजनाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग बाजूला पडतो. मोठ्या माशाचे काप काढताना डोके, काटे, कातडी आणि आतडी मिळून निम्म्याच्या आसपास जाते. कोकण-गोव्यातील गृहिणी डोक्याचे कालवण करते, कारण काट्याला चिकटलेले मांस तेच आणि तितकेच पौष्टिक असते हे तिला ठाऊक आहे. कारखान्यात मात्र त्याचे फार तर पशुखाद्य किंवा खत होते. पुष्कळदा ते कुजते, दुर्गंधी पसरते आणि पाणी बिघडते.

यातून माणसाच्या खाण्याजोगे प्रथिन काढण्याची रीत आपल्या पचनासारखीच आहे. उरलेला भाग बारीक करून पाण्यात मिसळतात, ५० ते ६० अंश सेल्सिअसला ठेवतात आणि त्यात प्रथिन तोडणारे विकर घालतात. कच्च्या पपईच्या चिकातील पपेन हे असेच एक विकर. काही तासांत मोठी प्रथिने तुटून पाण्यात विरघळतात. मग मिश्रण आणखी तापवून विकराचे काम थांबवतात, तेल आणि काटे वेगळे करतात आणि उरलेले पाणी सुकवून भुकटी करतात. ती सूप, बिस्किटे किंवा रुग्णांच्या आहारात मिसळता येते. कोळंबीच्या कवचातून प्रथिनाखेरीज कायटिनही मिळते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या दिशेने बरेच काम केले आहे.

मात्र सगळे प्रथिन सारखे नसते. कातडी व खवल्यांतून निघणाऱ्या कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, म्हणून एकट्या कोलॅजेनवर शरीराची गरज भागत नाही. मांसाच्या अंशातून काढलेले प्रथिन त्याहून सरस.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. बांगडा, कुपा यांसारखे मासे उबेत राहिले की जंतू त्यांत हिस्टामिन तयार करतात. त्याने अंग लाल होते, खाज सुटते, डोके दुखते; आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून डोके-काटे पहिल्या मिनिटापासून बर्फात हवेत. ज्याला आपण कचरा म्हणून टोपलीत टाकला, त्याचे अन्न नंतर होत नाही.

तिसरी गोष्ट पाकिटावरच्या मजकुराची. एकदा एका शाकाहारी घरातील आजींनी गुडघेदुखीच्या गोळ्या दाखवल्या. त्यांतील ग्लुकोसामाइन कवचधारी प्राण्यांपासून काढलेले होते. आजी कितीतरी वेळ गप्प बसल्या. हेच ग्लुकोसामाइन मक्यापासूनही करतात. पण सांगितल्याशिवाय कळणार कसे? कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला तर ही न सांगितलेली गोष्ट जिवावर बेतू शकते, कारण ॲलर्जी घडवणारे कोळंबीतील मुख्य प्रथिन उष्णतेने सहसा नष्ट होत नाही. आपल्या अन्नकायद्यानुसार मासे व कवचधारी प्राण्यांचा अंश असल्यास तसे वेष्टनावर लिहावे लागते. तेव्हा हिरवे चिन्ह आहे की तपकिरी, एवढे पाहून थांबू नका; घटकांची यादीही वाचा.

मला काही जण विचारतात, अहिंसा मानणाऱ्याने याचे समर्थन करावे का? माझे उत्तर साधे आहे. मी खाणार नाही आणि कोणाला खा म्हणणार नाही. पण जीव गेल्यावर त्याचा निम्मा देह कुजू द्यायचा आणि शेजारी एखादे पोर प्रथिनावाचून सुकत राहायचे, यात मला धर्म दिसत नाही. मात्र जे काढाल ते स्वच्छ काढा, आणि कशापासून काढले ते ठळक लिहा.