खेचराची आई बघा!

दिवाळीचा फराळ संपायच्या आत चित्रकूटला मंदाकिनीच्या काठी गाढवं आणि खेचरांचा बाजार उभा राहतो. औरंगजेबाच्या काळापासून तो भरतो, असं तिथले व्यापारी सांगतात. जनावरांना सिनेमातल्या नटनट्यांची नावं दिलेली असतात आणि ज्या नटाचा सिनेमा त्या वर्षी चालला, त्याच्या नावाचं जनावर भाव खाऊन जातं. चित्रकूटला आयुष्याची शेवटची वर्षं घालवलेले नानाजी देशमुख मूळचे हिंगोलीकडच्या कडोळीचे. जबलपूरचं पशुवैद्यक विद्यापीठ आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. विद्यापीठ 2009 चं, पण तिथलं कॉलेज 1948 पासूनचं. म्हणजे जबलपूरच्या एखाद्या मराठी घोडेवेड्यानं स्वारीचं खेचर पैदा करायचं मनावर घेतलंच, तर डॉक्टर गावातच आहे आणि बाजारही फार लांब नाही.

हिशेब सोपा आहे. बाप गाढव, आई घोडी. घोडीची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराच्या वाट्याला 63. विषम आकड्यामुळे जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचराचा वंश पुढे चालत नाही. खेचरीला शिंगरू झाल्याच्या मोजक्या घटना जगात नोंदल्या गेल्यात, अमेरिकेत, मोरोक्कोत. पण त्यावर धंदा उभा राहत नाही. बाप घोडा आणि आई गाढवी असंही जमतं, मात्र गर्भ राहणं अवघड आणि पिल्लूही सहसा लहान चणीचं. नर खेचराला पोरं होत नसली तरी माज पुरेपूर असतो, तेव्हा त्याला वेळेत खच्ची करून घ्यावंच लागतं.

आता निवड. बापाकडून येतात लांब कान, सुकी काटक हाडं आणि उभट, टणक खूर. आईकडून येतो अंगाचा आकार, खांदा, चाल. स्वभावातही आईचा वाटा मोठा, कारण शिंगरू वाढतं तिच्याच पायाशी आणि माणसाला बुजायचं की नाही हे तिच्याकडे बघूनच शिकतं. आपल्याकडे व्यवहार नेमका उलटा चालतो. चांगली घोडी घोड्याला दाखवायची आणि लंगडी, मारकी, कुणी न घेतलेली घोडी खेचरासाठी काढायची. ओझ्याच्या जनावराला तेवढं खपूनही जात असेल. ज्याच्या पाठीवर माणूस बसणार त्याला नाही. गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतच्या 16 किलोमीटरच्या चढणीवर खेचराच्या पाठीवर बसलेल्या आजीबाईंना विचारा, चाल म्हणजे काय ते!

चालीवरून सारंगखेडा आठवणारच. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी देवमण हा शुभ भोवरा शोधतं, मग घोडं पंचकल्याणी, म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं असलेलं, आहे का बघतं. खेचरासाठी घोडी घ्यायची तर रंग आणि भोवरे बाजूला ठेवा. तिला मोकळ्या जागेत चालवा. रेवाल चालीची घोडी असेल, पाठीवर पेला धरून बसलं तरी पाणी हिंदकळू न देणारी, तर तिच्या खेचरातही ती चाल उतरण्याची आशा धरता येते. मग मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मधोमध जो उंचवटा असतो त्यावर तळहात ठेवा. तो चांगला वर आलेला हवा. गाढवाला हा उंचवटा जवळपास नसतोच, त्यामुळे खेचराची पाठही सपाट निघण्याचा धोका. सपाट पाठीवर उतार लागला की खोगीर घसरत मानेकडे जातं, कितीही तंग आवळा. म्हणून खेचराला दुमची लागते. शेपटीखालून घेतलेला तो पट्टा खोगीर मागे धरून ठेवतो. घोडीचा उंचवटा ठळक असेल तर दुमचीवरचा ताण तेवढा कमी.

बाप शोधायला जेजुरी. पौष पौर्णिमेच्या बाजारात काठेवाडी गाढवं येतात आणि सौदा तोंडात बघून होतो. दोन दातांचा दुवान, चार दातांचा चौवान. दात बघताना जबडाही बघून घ्या. वरचा जबडा पुढे आलेला नर पैदाशीला घेऊ नये, तो दोष शिंगराला जातो. दोन्ही अंडं खाली उतरलेली हवीत, मागचे गुडघे एकमेकांना घासणारे नकोत. सौराष्ट्रातलं पांढरं हालारी गाढव अंगानं मोठं आणि गरीब स्वभावाचं. माझं मत विचाराल तर स्वारीच्या खेचरासाठी आपल्या देशी गाढवांत त्याच्याइतका शोभणारा बाप नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं तर थेट फ्रान्सचे पोईतू जातीचे नर आणले. जटा वाढवलेल्या साधूसारखं दिसणारं हे अजस्र गाढव खास खेचरांसाठीच शतकानुशतकं जोपासलं गेलं, आणि 1977 मध्ये मोजदाद झाली तेव्हा जगात अशी फक्त 44 उरली होती!

नर बुटका असला तरी अडत नाही. घोडीला जरा खोलगट जागी उभं करतात. खरी अडचण असते ती मर्जीची. 1785 मध्ये स्पेनच्या राजानं जॉर्ज वॉशिंग्टनना एक भारी गाढव भेट दिलं, नावच ‘रॉयल गिफ्ट’. त्या स्वारीनं घोड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी आधी गाढवी समोर आणायची आणि ऐन वेळी घोडी पुढे करायची, अशी युक्ती करावी लागली. जाणते पैदासकार म्हणून नराला शिंगरू असल्यापासूनच घोड्यांच्या कळपात वाढवतात. तरीही गाढव घोड्यासारखं तडक कामाला लागत नाही, अर्धा तास नुसतं उभं राहतं. घाई करणाऱ्यानं हा उद्योग करू नये.

चांगल्या खेचराचं मोल जबलपूरच्या मुलखाला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंडिट या छापामार तुकडीचं प्रशिक्षण शेजारच्या सागरकडच्या जंगलात झालं आणि पुढच्या वर्षी ती खेचरं घेऊन ब्रह्मदेशात उतरली. पुढच्या मोहिमेत तर खेचरं विमानांतून गेली. ओरडण्यानं शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करून आवाजच काढून घेतले होते. एवढं सोसूनही ती चालत राहिली, हे वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या सैन्यातली पेडोंगी ही खेचरी तर 1971 मध्ये पाकिस्तानच्या हाती लागली आणि तिथून पाठीवर शत्रूचीच शस्त्रं घेऊन परत आली. सर्वांत दीर्घ लष्करी सेवेसाठी तिचं नाव गिनेस बुकात गेलं. शास्त्रज्ञांनाही या जनावराचा मोह सुटला नाही. घोड्यांच्या कुळातलं पहिलं क्लोन घोड्याचं नव्हे, खेचराचं होतं! ‘आयडाहो जेम’, जन्म 4 मे 2003.

एक गोष्ट मात्र खेचर पैदा करू पाहणाऱ्या प्रत्येकानं लिहून ठेवावी. घोडीचे दिवस साधारण 11 महिन्यांत भरतात, खेचर पोटात असेल तर थोडे जास्त लागतात. कधीकधी पिल्लू धडधाकट जन्मतं, उभं राहतं, आईचा चीक पितं आणि दीड-दोन दिवसांत मलूल पडतं. हिरड्या, डोळे पिवळे दिसतात. कारण असं, की गाढवाच्या तांबड्या पेशींवर एक खूण असते जी घोडीच्या रक्तात नसते. बापाकडून ती शिंगराला मिळते. आधीच्या बाळंतपणात घोडीचा त्या रक्ताशी संबंध आला असेल, तर तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवून ठेवतं. ती चिकात उतरतात आणि शिंगराच्या पोटातून रक्तात जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. घोड्याच्या शिंगरांत हा आजार शेकडा एक-दोन, खेचरांच्या शिंगरांत मात्र शेकडा दहाच्या घरात आढळतो. म्हणजे पहिलं खेचर सुखरूप झालं म्हणून दुसऱ्या वेळी निर्धास्त राहणं सर्वांत धोक्याचं.

उपाय अवघड नाही, वेळ साधायला हवी. व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी घोडीचं रक्त डॉक्टरांकडून तपासून घ्या. प्रतिपिंडं निघाली तर शिंगराच्या तोंडाला मुसकी बांधायची, पहिले दीड-दोन दिवस आईचं दूध तोडायचं आणि कधीही गाढवाला न दाखवलेल्या दुसऱ्या घोडीचा चीक बाटलीनं पाजायचा. तोवर घोडीचा चीक पिळून टाकत राहायचं. शिंगराचं आतडं ती प्रतिपिंडं शोषेनासं झालं की मुसकी काढायची आणि त्याला आईखाली सोडायचं.